इंजिन सगळं सांगतंच, मग मुलीने स्वतः विचार कशासाठी करायचा?

वाशिष्ठी (चिपळूण):

नमस्कार मंडळी. प्रश्न बुद्धिबळाचा आहे, पण तेवढ्यापुरताच नाही असं मला वाटतं.

माझी मुलगी आठवीत आहे. तिसरीपासून खेळते. मला स्वतःला सोंगट्या कशा चालतात त्यापलीकडे फारसं येत नाही, पण तिच्याबरोबर रत्नागिरी, सांगली, कोल्हापूरच्या स्पर्धांना जाऊन हॉलबाहेर बसायची सवय झाली आहे. मध्यंतरी एका डावात तिने चक्क घोडा देऊन टाकला, समोरच्या मुलाचा राजा उघड्यावर ओढला आणि मात केली. बाहेर आली तेव्हा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. परतताना एसटीत तिने तो डाव ॲपमध्ये भरला. घोड्याच्या खेळीपुढे लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं आली. म्हणजे घोडचूक. पुढे चिपळूणपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून तिचा खेळच बदललाय. असं काही धाडस करत नाही. डाव संपला की लगेच इंजिन (खेळ्या तपासणारा संगणकाचा प्रोग्राम) लावते, कोण किती पुढे आहे ते दाखवणारी बाजूची ती काळी-पांढरी पट्टी बघते आणि म्हणते, "इथे हत्ती डी१ ला हवा होता." मी विचारते का गं? तर म्हणते, "इंजिन म्हणतंय." पुढे काही नाहीच. एकदा आम्ही एका चॅटबॉटला डाव देऊन कारण विचारलं. त्याने सुरेख मराठीत समजावलं, पण ज्या उंटाच्या जोरावर तो सगळं सांगत होता तो उंट केव्हाच मारला गेला होता. ते मात्र तिनेच पकडलं.

तिचे बाबा म्हणतात, यंत्राला जगज्जेताही हरवू शकत नाही, तर पोरीने डोकं कशाला शिणवायचं, इंजिन सांगतं ते पाठ करावं. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. यंत्राची बुद्धी इतकी पुढे गेल्यावर माणसाच्या बुद्धीचं, कल्पकतेचं काम नक्की काय उरतं? आणि दोघांनी मिळून काही करायचं असेल तर ते कसं? शिकवणाऱ्या आणि खेळणाऱ्या लोकांनी सांगावं.

विजयाबाई (सांगली):

वाशिष्ठीताई, मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. बुद्धिबळासाठी आयुष्य वेचलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात हा खेळ शिकवायचा म्हणजे थोडं दडपण असतंच. तुमच्या मुलीसारखी मुलं दर आठवड्याला माझ्यासमोर बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या लाल प्रश्नचिन्हांबद्दल. इंजिनची पट्टी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: इथून पुढे दोन्ही बाजूंनी इंजिनसारखंच बिनचूक खेळलं तर काय होईल? ते उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. पण तुमच्या मुलीसमोर इंजिन बसलं नव्हतं. तिच्याच वयाचा एक मुलगा बसला होता, घड्याळ चालू होतं आणि त्याचा राजा उघड्यावर आला होता. त्या मुलाला बचाव सापडेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पट्टीवर येत नाही.

१९६० साली मॉस्कोत जगज्जेतेपदाची लढत झाली. मिखाईल ताल विरुद्ध मिखाईल बोट्विनिक. सहाव्या डावात तालने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना २१व्या खेळीला घोडा एफ४ या घरावर नेऊन चक्क देऊन टाकला. सभागृहात इतका गलका झाला की खेळाडूंना आतल्या खोलीत नेऊन डाव पुढे चालवावा लागला. नंतरच्या विश्लेषणात दिसून आलं की बोट्विनिककडे उत्तर होतं. पण ते त्याला पटावर, त्या वेळेत सापडलं नाही. ताल डाव जिंकला आणि ती लढत जिंकून २३व्या वर्षी जगज्जेता झाला. आजचं इंजिन त्या घोड्यालाही शेरा मारेलच. तिला हा डाव जरूर दाखवा.

आता बुद्धीचं. १९९७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या आयबीएमच्या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोवला साडेतीन-अडीच असं हरवलं. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. कास्पारोवसारखा खेळाडू त्याच वेळात दोन-तीन तपासत असेल. तरीही सहा डावांत फरक एका गुणाचा! म्हणजे तो माणूस काहीतरी निराळंच करत होता. त्याचा अंदाज एका जुन्या प्रयोगातून येतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली तो प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची आणि मग रिकाम्या पटावर मांडायला सांगायचं. तरबेज खेळाडू बरीचशी मांडतो, नवख्याला चार-पाच सोंगट्यांपलीकडे आठवत नाही. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की तरबेज खेळाडूची जादू संपते, तोही नवख्याच्या पंगतीला येतो. खरा खेळाडू सुट्या सोंगट्या पाहतच नाही. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्या पुढची तीन प्यादी, त्यांच्यावर रोखलेला उंट हे सगळं त्याला एकदम, एकमेकांत गुंतलेलं दिसतं, आणि त्यातूनच पुढे काय करावं हे सुचतं. (याच सायमननी १९५७ साली म्हटलं होतं की दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल. चाळीस वर्षं लागली.)

हे जे दिसणं आहे ते पट्टी बघून येत नाही. ते स्वतः अडकून, दहा मिनिटं पटाकडे बघत बसून, चुकीची खेळी करून आणि ती का चुकली हे शोधूनच येतं. गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला २५०० रेटिंगच्या, म्हणजे ग्रँडमास्टरच्या पातळीच्या, आसपास पोहोचेपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं. आजच्या काळात, तेही चेन्नईत, जिथे पावलोपावली ग्रँडमास्टर भेटतात! सगळ्यांना हे जमणार नाही आणि माझाही तसा हट्ट नाही. पण त्यामागचं कारण समजून घ्या. इंजिन निकाल देतं, कारण देत नाही. कारण आपण स्वतः तयार करायचं असतं, आणि ते तयार करता करताच डोकं घडतं.

गुकेशच्याच जगज्जेतेपदाच्या लढतीतला शेवटचा डाव बघा. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, चौदावा डाव, समोर तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट. इंजिनच्या मते साफ बरोबरी. जगभरचे बघे पट्टी बघून "आता टायब्रेक" (बरोबरी मोडायचे जलद डाव) म्हणत होते. गुकेश खेळत राहिला, कारण ती बरोबरी राखायला डिंगला दर खेळीला डोकं जागं ठेवावं लागत होतं. ५५व्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला. त्याचा उंट तेव्हा ए८च्या कोपऱ्यात होता. गुकेशने हत्तींची मारामारी केली आणि मग आपला उंट डी५ वर, त्या कोपऱ्यातल्या उंटाच्या तोंडासमोर नेऊन ठेवला. पळायला जागाच नाही! उंटही गेले, उरली फक्त प्यादी आणि राजे, आणि तो शेवट गुकेशने सहज जिंकला असता. ५८व्या खेळीनंतर डिंगने हार मानून हात पुढे केला. पट्टी शून्यावर असतानाही त्या पटावर खेळण्यासारखं पुष्कळ काही होतं, आणि ते पाहणारा माणूस जगज्जेता झाला.

याचा अर्थ इंजिन वाईट असा मुळीच घेऊ नका. २०१७च्या डिसेंबरमध्ये अल्फाझीरो हे नव्या प्रकारचं इंजिन आलं. त्याला फक्त नियम सांगितले होते, माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता. स्वतःशीच खेळून खेळून ते शिकलं आणि १०० डावांच्या सामन्यात स्टॉकफिश या तेव्हाच्या अव्वल इंजिनविरुद्ध २८ डाव जिंकलं, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. गंमत म्हणजे ते स्टॉकफिशच्या मानाने फारच कमी स्थिती तपासत होतं, सेकंदाला ८० हजार विरुद्ध ७ कोटी. त्याच्या डावांत कडेचं, हत्तीच्या पट्टीतलं प्यादं सरळ पुढे धावत जातं आणि समोरच्या राजाच्या दारात जाऊन रुतून बसतं. आम्ही लहान होतो तेव्हा कडेचं प्यादं उगाच ढकललं तर शिक्षक ओरडायचे. आज कार्लसनपासून माझ्या वर्गातल्या पोरांपर्यंत सगळे ते ढकलतात, आणि का ढकलायचं हेही सांगू शकतात. ते "का" माणसांनी त्या डावांवर बसून काढलेलं आहे. पुढे याच अल्फाझीरोच्या आतून नव्या कल्पना शोधून त्या चार अव्वल ग्रँडमास्टरना शिकवायचा प्रयोग झाला. गुकेश त्यात होता, क्रामनिक आणि हौ यिफानही होते. चौघांचीही त्या प्रकारची कोडी सोडवण्यातली कामगिरी सुधारली. यंत्राने पाहिलेलं माणसाला शिकता येतं, पण त्यासाठी माणसाने पटापुढे बसायला हवं.

माझ्या वर्गात नियम असा आहे: डाव झाला की आधी वही. जिथे विचार करायला जास्त वेळ लागला त्या जागा लिहायच्या, तिथे मनात काय आलं होतं ते लिहायचं, समोरच्याने काय करावं अशी भीती होती ते लिहायचं. मग दोघांनी मिळून, हरलेल्याने आणि जिंकलेल्याने, पटावर डाव परत बघायचा. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि इंजिन वेगळं काही म्हणालं तर त्याच्याविरुद्ध ती खेळी खेळून बघायची. तुमच्या मुलीला म्हणावं, घोडा दिल्यानंतरची स्थिती मांड, समोर इंजिनला बसव, आणि ते नेमकं कसं सुटतं बघ. सुटायला एकच बारीक वाट असेल तर तिचा घोडा वाया गेलेला नाही. चार वाटा असतील तर पुढच्या वेळी घोडा देण्याआधी काय तपासायचं हे तिचं तिलाच कळेल.

निखिल (बाणेर):

बाई, तुमचं शिकवण्याबद्दलचं सगळं मान्य. मी याच क्षेत्रात सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. "माणूस आणि यंत्र मिळून सर्वांत भारी" असं आपण फार प्रेमाने म्हणतो. बुद्धिबळात ते काही वर्षं खरं होतं. आज तगड्या इंजिनच्या खेळात ग्रँडमास्टरने ढवळाढवळ केली तर खेळ बिघडण्याचीच शक्यता जास्त.

गो या काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या पटावरच्या खेळाचं उदाहरण घ्या. मार्च २०१६, सोल. अल्फागो या प्रोग्रामने अव्वल कोरियन खेळाडू ली सेडोलला ४-१ हरवलं. दुसऱ्या डावात यंत्राने ३७वी खेळी अशा ठिकाणी केली की समालोचकांना आधी ती चूक वाटली. माणूस ती खेळी करण्याची शक्यता दहा हजारांत एक आहे, असं यंत्राचंच गणित होतं. याला सृजन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? चौथ्या डावात लीने ७८वी खेळी अशीच अचाट केली, यंत्र गोंधळलं आणि तो डाव लीने जिंकला. पण २०१९ साली ली निवृत्त झाला आणि सांगून झाला की कितीही वर गेलो तरी आपल्याला हरवता येणार नाही असं काहीतरी तिथे बसलेलं आहे. मला तो माणूस प्रामाणिक वाटतो. मुलांना खोटा दिलासा देऊ नये.

एक मात्र सांगायला हवं, कारण ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं. गोच्या व्यावसायिक खेळाडूंच्या १९५० ते २०२१ या काळातल्या ५८ लाखांहून जास्त खेळ्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. कित्येक दशकं माणसांच्या खेळ्यांचा दर्जा जवळजवळ होता तिथेच होता. अल्फागोनंतर तो चढला, आणि त्याच वेळी खेळाडू पूर्वी कुणी न खेळलेल्या खेळ्या जास्त करू लागले. यंत्राच्या खेळ्या पाठ केल्या एवढ्यानेच हे होत नाही, असंही त्यात दिसलं. हे कसं घडलं यावर मी बराच विचार करतोय. माझा अंदाज असा की "असं खेळतच नाहीत" ही जी भिंत गुरूकडून शिष्याकडे चालत आली होती ती यंत्राने पाडली. यंत्र त्या भिंतीला बांधलेलं नव्हतं.

टपालवाला (डोंबिवली):

निखिल, मधल्या त्या काही वर्षांबद्दल मी लिहितो, कारण मी टपाली बुद्धिबळ खेळतो. पूर्वी पोस्टकार्डावर खेळी लिहून पाठवायचो, एका डावाला दोन-तीन वर्षं सहज जायची. चेकोस्लोव्हाकियातून कार्ड आलं की पोस्टमनही विचारायचा, काय म्हणतो तुमचा दोस्त? आता सगळं सर्व्हरवर आहे, आणि आंतरराष्ट्रीय टपाली महासंघाच्या स्पर्धांत इंजिन वापरायला चक्क परवानगी आहे. म्हणजे माणूस आणि यंत्र मिळून खेळण्याची ही उघड, अधिकृत जागा.

याची सुरुवात कास्पारोवनेच केली. डीप ब्लूकडून हरल्यावर वर्षभराने, जून १९९८ मध्ये, स्पेनमधल्या लिऑनला तो आणि बल्गेरियाचा ग्रँडमास्टर तोपालोव समोरासमोर बसले, दोघांच्या शेजारी एकेक संगणक. महिनाभर आधी कास्पारोवने जलद डावांत तोपालोवला ४-० धुतला होता. इथे निकाल ३-३! डावपेचांची आकडेमोड यंत्राने दोघांचीही सारखीच केली, तिथला कास्पारोवचा वरचष्मा गेला. मग २००५ साली इंटरनेटवर खुली स्पर्धा झाली, कुणीही कितीही संगणक आणि कितीही माणसं घेऊन खेळा. त्यात ग्रँडमास्टर होते. जिंकले ते अमेरिकेतले दोन हौशी खेळाडू, तीन साध्या संगणकांवर. कुठल्या स्थितीत कुठल्या यंत्राला काय विचारायचं आणि त्यांच्यात मतभेद झाले की कुठे खोल जायचं, हे त्यांना जमलं होतं.

आज तेवढं अंतर काढता येत नाही हे निखिलचं म्हणणं खरं. वरच्या पातळीवर आमचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मग मी करतो काय? इंजिन मला पाच खेळ्या दाखवतं, पाचही ०.००, म्हणजे बरोबरी. त्याच्या लेखी पाचही सारख्या. माझ्या लेखी नाहीत. एकीत वजीर पटावर राहतो आणि समोरच्याला वर्षभर नीट सांभाळावं लागेल, दुसरीत सगळी मारामारी होऊन तीस खेळ्यांत हात मिळवायचे. मी पहिली निवडतो. काही बंद स्थितींत इंजिन "पांढरा खूप पुढे" म्हणतं, पण मला दिसत असतं की काळ्याने तटबंदी केली आहे आणि पांढऱ्याला आत शिरायला फटच नाही. मी तिथे पन्नास खेळ्या पुढे नेऊन बघतो, आकडा तिथेच अडकलेला. असं सापडलं की अख्खा रविवार त्यात जातो आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही.

अंतिमपर्व (बेळगाव):

मी खेळत नाही, बुद्धिबळातली कोडी रचतो. "पांढऱ्याने खेळून बरोबरी करावी" अशा प्रकारची. सृजनाचा प्रश्न निघालाय तर माझ्या पटावरचं सांगतो.

वाशिष्ठीताई, पट घ्या (उभ्या रांगा पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या त्याच्या बाजूने १ ते ८). पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. बाकी पट रिकामा. पांढऱ्याची खेळी, बरोबरी करायची आहे. रिचर्ड रेती यांनी १९२१ साली हे प्रसिद्ध केलं. बघितल्यावर कुणीही म्हणेल, अशक्य. काळं प्यादं वजीर व्हायला धावतंय आणि पांढरा राजा दोन घरं मागे आहे. आपल्या प्याद्याला मदत करायला जावं तर काळा राजा त्याच्या जवळच उभा. एकही काम होण्यासारखं नाही. उत्तर असं की दोन्ही कामं एकदम करायची. राजा तिरका उतरतो, जी७, एफ६, ई५. प्रत्येक पावलाला तो काळ्या प्याद्याच्याही जवळ येतो आणि आपल्या प्याद्याच्याही. काळ्याने वेळ काढून सी६चं प्यादं खाल्लं तर पांढरा राजा एफ४ वर येऊन काळ्या प्याद्याला गाठतो. नाही खाल्लं तर राजा डी६ वर जातो आणि पांढऱ्या प्याद्याचाही वजीर होतो. पटावर तिरकं जायला सरळ जाण्याइतकीच पावलं लागतात, एवढ्या एका गोष्टीतून हे निघालंय.

आता यंत्र. सात सोंगट्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती संगणकांनी सोडवून ठेवली आहे, त्याला टेबलबेस म्हणतात. रेतीचं कोडं त्याला दिलं तर तो क्षणात "बरोबरी" म्हणतो. त्याच साठ्यात एक स्थिती अशी आहे की मात करायला ५४९ खेळ्या लागतात. मी त्यातल्या खेळ्या बघितल्या आहेत. पहिल्या चारशेंमागचा हेतू कुठल्याही माणसाला सांगता येणार नाही. टेबलबेसच्या लेखी रेतीचं कोडं आणि हे ५४९चं अरण्य एकाच तोलाचं आहे, दोन्ही नोंदी. रेतीचं निवडून, चारच सोंगट्यांत बसवून लोकांपुढे ठेवावंसं वाटणं हे माणसाचं काम.

पण यंत्राशिवाय मी आज एकही कोडं पाठवत नाही, हेही तितकंच खरं. आमच्यात कोड्याला दुसरं उत्तर निघालं की कोडं बाद. जुन्या थोर रचनाकारांची कित्येक कोडी संगणकाने अशी बाद केली. माझी कल्पना असते, समजा, घोडा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि त्यामुळेच वाचतो. मी मांडतो, इंजिन तासाभरात चार भोकं दाखवतं. एक प्यादं इकडे, राजा एक घर तिकडे, परत तपास. कधी कधी त्या भोकातच माझ्या मूळ कल्पनेहून सुंदर काहीतरी असतं, आणि मग मी मूळ कल्पना सोडून त्याच्या मागे जातो. ते भोक यंत्राने दाखवलं. ते सुंदर आहे हे मात्र त्याने मला कधीच सांगितलेलं नाही.

वाशिष्ठी (चिपळूण):

सगळ्यांचे मनापासून आभार. रेतीचं कोडं काल रात्री मांडून दिलं, उत्तर सांगितलं नाही. जेवणाला तीनदा हाक मारावी लागली. शेवटी तिने जी७, एफ६ पर्यंत आणलं आणि तिथे अडली, कारण "आता कुठल्या प्याद्याकडे जाऊ?" मी गप्प बसले. ई५ तिने सकाळी शाळेत जाताना, बूट घालता घालता सांगितलं. तिचे बाबाही पटाजवळ येऊन बसले होते.

निखिल, तुमचं म्हणणं मी तिला तसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, मला इंजिनला हरवायचं नाहीये, मला आमच्या गटातल्या पहिल्या नंबरच्या मुलीला हरवायचंय.

विजयाबाई, एक विचारते. वहीत लिहायला ती कंटाळा करते. दोन ओळींवर थांबते. जबरदस्ती करू का?

विजयाबाई (सांगली):

नको. दोन ओळी पुरे, पण त्या इंजिन लावण्याआधीच्या हव्यात. लिहायचं नसेल तर तुम्हाला बोलून दाखवू दे. तुम्हाला फारसं येत नाही हे इथे फायद्याचंच आहे. तुम्ही "म्हणजे काय?" विचारलंत की तिला सोपं करून सांगावं लागेल, आणि जे सांगता येत नाही ते आपल्याला नीट कळलेलं नाही हे तिच्याच लक्षात येईल. चॅटबॉटला मात्र डाव समजावायला देऊ नका. बोलतो छान, पण पट त्याच्या डोळ्यांसमोर नीट नसतो. मरून गेलेला उंट तिने पकडला यातच सगळं आलं.

निखिल, लीचा प्रामाणिकपणा मलाही मान्य आहे. पण तो शिखरावर होता. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला जगातला सर्वांत बलवान खेळाडू कधी हरवता येणार नव्हताच, मग तो कास्पारोव असो नाहीतर यंत्र. तरी ती शिकत आली आहेत. नागपूरची दिव्या देशमुख २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा माझ्याकडे दोनच दिवसांत नव्या मुली नाव घालायला आल्या. एकीनेही विचारलं नाही की इंजिन दिव्यापेक्षा भारी आहे का.

अंतिमपर्व (बेळगाव):

ताई, ई५ तिने स्वतः काढलं असेल तर पुढचं देतो. तेच कोडं ठेवा, पण काळा राजा आधी एका घराने सरकवा, मग पांढरा राजा. दर वेळी तिने आधी निकाल सांगायचा, जीत, बरोबरी की हार, आणि कारण. मगच टेबलबेस उघडायचा, नेटवर फुकट मिळतो. जिथे तिचा अंदाज चुकेल ती स्थिती बाजूला काढून ठेवायला सांगा. तशा चार-पाच जमल्या की त्यातली कुठली जास्त आवडली आणि का, हे मला इथे कळवा.